अक्षत दिलेली मुलगी

“नाही,” राजव्वा म्हणाली.

हेमलताच्या हातातली पळी होती तिथेच थांबली. हुग्गीचा, गव्हाच्या त्या गोड खिरीचा, एक जाडसर थेंब पळीच्या टोकाशी लोंबला, लांबला आणि पाटापुढच्या रांगोळीवर पडला. पोरीचा आवाज काही मोठा नव्हता. तिनं वर पाहूनही म्हटलं नव्हतं. ताटातली उरलेली अंबाडीची भाजी भाकरीच्या तुकड्यानं गोळा करता करता, वर्गात हजेरीला ओ द्यावी तसं ती म्हणाली होती. पण उंबऱ्यापलीकडे माजघरात पाटांवर बसलेल्या पुरुषांचं बोलणं एकदम तुटलं. ‘पोट भरलं का, बाई?’ हा या घरात वर्षातून एकदा, सासूबाईंच्या तिथीला विचारला जाणारा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न नव्हताच. देवळात शिरताना घंटा वाजवणारा माणूस देवाला ‘आहेस का घरात’ म्हणून थोडाच विचारतो. हेमलतानं विचारायचं, जेवायला बसलेल्या पोरीनं मान खाली घालून ‘भरलं’ म्हणायचं, मामंजींनी भिंतीवरच्या फोटोकडे बघून हात जोडायचे, आणि मग माजघरातल्या कोरड्या ताटांत पहिली भाकरी पडायची. इतक्या वर्षांत इतक्या पोरी आल्या, बुजल्या, चार घास चिवडून उठल्या. पण एकीनंही नाही म्हटलं नव्हतं. नाही हेही या प्रश्नाचं उत्तर असू शकतं, याचा या घराला पत्ताच नव्हता. मागच्या खोलीत बाळी रडायला लागली होती. तो आवाज कानावर पडला तसा हेमलताच्या छातीत दूध दाटून आलं, टोचू लागलं. सकाळपासून बाळीला घेता आलं नव्हतं, तिथीचं सोवळं. पोळपाटाला, चुलीला, पळीला चालणारी बाई पोटच्या पोरीला मात्र चालत नव्हती, आणि असा नियम करणारं डोकं कुणाचं असेल याचा विचार करताना तिला नेहमी मामंजींसारखंच एक तुळतुळीत, तेल लावलेलं डोकं दिसायचं.

“काय म्हणाली?” माजघरातून जोतीरामांचा आवाज आला.

“नाही म्हणाली,” हेमलता म्हणाली. आपल्या नवऱ्याला उत्तर देताना आपला आवाज इतका साधा निघावा याचं तिलाच नवल वाटलं.

हा प्रश्न मूळचा सासूबाईंचा, मथुराबाईंचा. हेमलतानं त्यांना पाहिलं नव्हतं. पाहिला तो फोटो, आणि ऐकली ती मामंजींनी सांगितलेली गोष्ट. ती तर सगळ्या सोलापुरानं ऐकली होती. दर वर्षी मुलींच्या शाळेत शिष्यवृत्तीचा समारंभ व्हायचा, तेव्हा मामंजी, म्हणजे हिंदुराव सूतवाले, कोटाच्या खिशाला गुलाब लावून उभे राहायचे आणि घसा साफ करून सांगायचे, की अठ्ठेचाळीस साली मोगलाईत रझाकारांनी कहर केला तेव्हा नळदुर्गाकडून बैलगाडीत पोरं नि भांडी घालून आम्ही या गावात आलो. छावणीत पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराच्या पडवीत आसरा मिळाला. त्या घरच्या बाईनं आमच्या मथुरेला भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली, मोडक्या मराठीत विचारलं, पोट भरलं का बाई, आणि मथुरेच्या डोळ्यांत पाणी आलं. इथं मामंजींच्याही डोळ्यांत पाणी यायचं. दर वर्षी याच वाक्याला, नळाला ठरलेल्या वेळी यावं तसं. पुढं मथुराबाई गेल्या तेव्हा सांगून गेल्या, की माझ्या तिथीला भटजी नको. शिकणारी एक पोरगी जेवू घाला, हीच भाकरी, हीच भाजी. तिचं पोट भरल्याशिवाय घरात कुणी घास घेऊ नका, आणि तिच्या पुढच्या शिकण्याचं बघा. एवढंच. बाई स्वतः निरक्षर. तिच्या तोंडी दुसरी अट नव्हती. बाकी सगळं, शिष्यवृत्तीचं नाव, संगमरवरी पाटी, मांडव, गुलाब, हे मामंजींनी मागाहून जोडलेलं. त्या तेलुगू बाईचं नाव मात्र त्यांना आठवत नसे. कुणी कधी विचारलंही नाही. गोष्टीत तिला काम तेवढंच होतं, वाढायचं आणि बाजूला व्हायचं. सूत विकून माडी बांधल्यावर त्या गल्लीत एकदा जाऊन यावं, ती पडवी अजून आहे का बघावं, असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. आलेल्या माणसाला आसरा देणारं गाव म्हणून ते टाळ्या घ्यायचे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनाही वाटायचं, की हा माणूस आसरा देणाऱ्यांतला आहे.

या पाटावर पहिल्या वर्षी हेमलता बसली होती. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात, ती शिकायला इथं मामाकडे. अकरावीला शाळेत पहिली आली, आणि एका सकाळी या घरातून अक्षत आली. तेव्हा पाय धुतले होते ते मामंजींची बहीण बजाबाई, तिनं. गार पाणी, आत्याबाईंचे खरखरीत अंगठे, आणि माजघरातून आपल्याकडे बघणारी अनोळखी तोंडं. हेमलताला भूक लागली होती. ते अजून तिला जिभेवर आठवत होतं, भूक लागली होती आणि भाजी आंबट, तिखट, भाकरी पापडासारखी कडक, सुरेख. आणखी दोन तरी खाल्ल्या असत्या. पण इतकी माणसं आपल्या पोटासाठी उपाशी बसलीत या विचारानं तिनं हात आखडता घेतला. आत्याबाईंनी विचारलं, आणि ती म्हणाली, ‘भरलं’. किती लगबगीनं म्हणाली. माजघरात भाकऱ्या पडल्या, आणि मामंजी जेवता जेवता कुणाला तरी म्हणाले, ते तिनं हात धुताना ऐकलं, “पोरगी शांत हाय. खाती बी कमी.” तिची बी.ए.ची परीक्षा संपायच्या आत मागणी आली. मामाला केवढा आनंद. ज्यांनी फी भरली त्यांनीच पदरात घेतली, असं तो जिथं तिथं सांगत सुटला. पुस्तकांची पेटी माळ्यावर गेली. ती अर्थशास्त्राची पुस्तकं आता आत्याबाई लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवायच्या. आपल्याला शिकवलं ते एका शांत, कमी खाणाऱ्या सुनेसाठी, हे तिला हळूहळू उमगत गेलं, आणि उमगलं तेव्हा राग सुद्धा आला नाही. नुसती एक बारीक किळस, दुधावरची साय बोटाला चिकटावी तशी. त्यात स्वतःची किळस जास्त होती. उपाशी असून भरलं म्हणणारी ती.

अक्षत द्यायला आता तीच जाई. निकाल लागला की त्या संध्याकाळी शाळेतून पहिल्या आलेल्या मुलीचं नाव घ्यायचं, वाटीत कुंकवाच्या अक्षता घ्यायच्या आणि मुलीच्या घरी जाऊन हातावर ठेवायच्या. यात ठरवण्यासारखं कधी काही नव्हतंच. पहिली आली तिची अक्षत. यंदा नाव निघालं राजव्वा गुंडेटीचं. घर पूर्व भागात, साखर पेठेच्या मागं. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, दोऱ्यांवर वाळत घातलेलं जांभळं, हिरवं ओलं सूत, गटारातून वाहणारं रंगाचं पाणी. पाण्याचा रंग बघून कुठल्या घरात कसली चादर चाललीय ते सांगावं. हेच सूत मामंजींच्या दुकानातून जातं, आणि आपण या गल्लीत वर्षातून एकदाच येतो, हे तिला वाटीतल्या अक्षता सांभाळत चालताना जाणवलं. राजव्वाची आई दारातच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. बाईचा चेहरा या गावचा नव्हता. गालाची हाडं रुंद, डोळे बारीक, आणि गालांवर चंदन उगाळून लावावं तसा वाळलेला पिवळट लेप. ती हसली, सूप बाजूला ठेवून उठली, तेलुगूत काहीतरी म्हणाली. पण तिचं तेलुगूही शेजारणींसारखं नव्हतं, गात गात बोलल्यासारखं वाटत होतं.

“आई रंगूनची हाय,” राजव्वानं सांगितलं. “बाबा हितले, साळी. तिकडं मागावर गेले व्हते, तिथंच लगीन केलं. आमी दोघी बहिणी तिकडंच जन्मलो. मग तिथल्या सरकारनं सगळ्यांना घालवलं, तेव्हा बोटीनं आलो. बाबा हितं आल्यावर गेले.” ती हे सगळं सवयीनं सांगत होती, अनेकांनी अनेकदा विचारलं असल्यासारखं. “तिकडं आमाला ‘कला’ म्हणायचे. म्हंजे हिंदुस्थानी. वाईट शब्द हाय तो. हितं रंगूनवाली म्हणतात.” मग थोडं थांबून म्हणाली, “त्यातल्या त्यात बरंच हाय की.”

धाकटी बहीण कोपऱ्यात पानं कापत बसली होती. नरसव्वा, सातवीतली, डोळे सगळे अक्षतांच्या वाटीवर. आईनं तिकडे चिरूट वळले होते, इथे विड्या. बोटांना देश बदलल्याचं कळलं सुद्धा नसेल, असं हेमलताला वाटून गेलं. राजव्वासाठीही एक सूप आणून ठेवलं होतं, नवं कोरं, भिंतीला टेकवून. “दुकानवाला म्हणालाय, कॉलेजला नसेल जात तर पोरगीच्या नावानं पण पानं देतो,” राजव्वा म्हणाली. “पण आता अक्षत आली म्हणल्यावर ते सूप धान्य पाखडायला ठेवतो.” आणि ती हसली. हेमलतानं तिच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. तळहात कोरडा, गरम. बाळीला दूध पाजताना ती मूठ उघडते तेव्हा असाच लागतो.

त्याच संध्याकाळी चहाला मामंजी, जोतीराम आणि शाळेचे दोन कार्यकारिणीवाले बसले. हेमलता बशा ठेवत होती. नाव ऐकलं आणि कार्यकारिणीतल्या एकानं कप खाली ठेवला. ती मुलगी इथली नाही म्हणे. कागदोपत्री अजून ब्रह्मदेशची. मायलेकींना दर वर्षी पोलिसांत नोंद करावी लागते. मामंजी जरा घाबरले. आणीबाणीचे दिवस, परदेशी हा शब्दच त्यांना जळत्या काडीसारखा वाटला असावा. पण भीती त्यांच्या तोंडात फार वेळ टिकत नसे, तिचं लगेच तत्त्व व्हायचं. “आपल्या पैशानं परक्या मुलखाच्या पोरी का म्हणून शिकवायच्या?” ते म्हणाले. “आपल्या काय कमी हायेत? हितं शिकायचं आन् उद्या जायचं निघून. दुसरी कोन आली?” दुसरी आली होती चन्नम्मा, दुधनीकडची. दुधनी महाराष्ट्रात की कर्नाटकात यावर पानसुपारी खात तासन्‌तास भांडणारी ही माणसं. पण त्या संध्याकाळी दुधनी एका क्षणात आपल्या मातीतली ठरली. जोतीराम म्हणाले, “रंगूनहून येईल की तिची मनीऑर्डर,” आणि सगळे हसले. तेव्हा हेमलतानं सांगितलं, की अक्षत दिली आहे.

हसणं थांबलं. दिलेली अक्षत परत घेत नाहीत, हे बजाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या नसत्या तरी सगळ्यांना ठाऊक होतं. मथुराबाईंच्या तिथीची अक्षत, कुणाची छाती होणार? मामंजी मिशीवरून बोट फिरवत बसले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तो समाधानाचा उजेड आला, जो हेमलताला या घरातल्या कुठल्याही अंधारापेक्षा नकोसा वाटे. “येऊ दे की,” ते म्हणाले. “अक्षत जेवणाची हाय. जेवून जाईल पोटभर. पाय धुवा, मान करा. शिष्यवृत्ती चन्नम्माला. दोन्ही गोष्टी वायल्या.” कार्यकारिणीवाले ‘वा’ म्हणाले. आयत्या वेळी धर्म आणि कायदा दोन्ही सांभाळणारा माणूस, असं काहीतरी म्हणाले. भाकरी एकीला आणि पुस्तकं दुसरीला. दातृत्वाची ही अशी वाटणी एखाद्या वाण्यालाही सुचली नसती. हेमलता कपबशा उचलून आत आली. त्या गल्लीत जाऊन राजव्वाला आधी सांगून यावं, असं तिला रोज वाटत राहिलं, आणि ती रोज बाळीचे लंगोट वाळत घालत राहिली.

म्हणून आज ते सांगितलं गेलं पाय धुताना. पितळी परातीत राजव्वाचे पाय होते, हेमलता खाली बसून पाणी घालत होती, चन्नम्मा शेजारच्या पाटावर नवं परकर-पोलकं सावरत बसली होती, आणि मामंजी हेमलताच्या डोक्यावरून बोलत होते. “हे बघ बाळ, तुझा मान हाय. पयली आलीस, कौतुक हाय आमाला. पन ही देनगी आपल्या मातीतल्या पोरींसाठी. नियम म्हंजे नियम. वाईट वाटून घ्यायचं न्हाय, पोटभर जेवायचं.” हेमलतानं वर पाहिलं नाही. तिला नुसते पाय दिसत होते. गल्लीतल्या रंगाच्या पाण्यानं नखांच्या कडा जांभळ्या झालेले, टाचा भेगाळलेल्या. आणि मामंजींच्या ‘आपल्या मातीतल्या’ या शब्दावर त्या पायांची बोटं आत वळली, परातीच्या बुडाला घट्ट धरून राहिली. वर पोरगी काय चेहरा करत होती कुणास ठाऊक. “बरं,” एवढंच तिच्या तोंडून आलं. हेमलतानं ते पाय पदरानं पुसले. पुसायचं कापड वेगळं होतं, खुंटीवर; ते घ्यायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

आणि आता हे.

“वाढ अजून. लाजत आसंल,” मामंजींचा आवाज आला. त्यात अजून उदारपणा होता. हेमलतानं भाकरी वाढली, भाजी वाढली, शेंगाची चटणी, तिच्यावर तेलाची धार. राजव्वा जेवू लागली. बुजल्यासारखी नाही, हावरटासारखीही नाही. एखादं गणित सोडवावं तशी, पायरी न गाळता. “ही भाजी आई पण करते,” ती मध्येच हेमलताला म्हणाली, “तिकडं ही लई खातात. फक्त त्यात सुकी मासळी घालतात.” बजाबाई दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या, तिथीच्या दिवशी मासळीचं नाव. चन्नम्मानं आपलं ताट कधीच संपवलं होतं आणि काय करावं ते न कळून ती मिठाच्या चिमटीशी खेळत होती.

“पोट भरलं का, बाई?” हेमलतानं विचारलं.

“नाही.”

माजघरात एक पाट करकरला. मामंजींना साखरेचा आजार. गोळी घेऊन बसलेले, त्यांना वेळेवर अन्न लागे. “अरे, ही दुसरी बसलीय की,” ते म्हणाले. “चन्नम्मा, तुजं भरलं का न्हाय?”

“भरलंय की हो, काका,” चन्नम्मा पटकन म्हणाली.

“झालं मग. तिचं भरलंय. वाढा.”

“असं कसं, दादा?” बजाबाई उंबऱ्यात आल्या. जन्मभर भावाच्या शब्दाबाहेर न गेलेली ही बाई. पण रीतीच्या बाबतीत तिला भाऊ, बाप, कुणी दिसत नसे. “अक्षत हिची. पाय हिचं धुतलं. हिनंच म्हनाया पायजे. दुसरीच्या तोंडानं वैनी जेवंल व्हय?”

“अगं, पण ती मुद्दाम करतीय,” जोतीराम म्हणाले. “दिसत नाही का? खाऊन खाऊन खाणार किती ती. पोट आहे का पोतं?”

हेमलताला हसू आलं. ते तिनं दाबलं नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं. माजघरातली ती रांग तिला एकदम नीट दिसली: गुलाब नसलेले मामंजी, कपाळावर घाम, रिकाम्या ताटाच्या कडेवर बोटं वाजवणारे कार्यकारिणीवाले, पाटावर मांडी बदलणारा आपला नवरा. एवढी मोठी माणसं, पेढ्या नि पाट्या असलेली, आणि एका पोरीच्या एका शब्दानं त्यांची ताटं कोरडी राहिली होती. त्यांच्याकडे भूक आली की किती लवकर तोंडावर येते, असं तिला वाटलं. ते भुकेला सरावलेले नव्हते. आणि राजव्वाला ते नेमकं ठाऊक होतं. शाळेच्या मांडवात बसून वर्षानुवर्षं तिनं हे भाषण ऐकलं असेल, आमच्या घरात पोरीचं पोट भरल्याशिवाय कुणी घास घेत नाही. लोक टाळ्या वाजवत असतील आणि ही कुठल्यातरी मागच्या रांगेत बसून ते खरं धरत असेल. हेच तिचं परकेपण असावं. इथल्या कुणीही ते खरं धरलं नव्हतं. बाळी आता हुंदके देत होती. हेमलताच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत चालले होते, पदर ओढून ओढून झाकेनात. तिलाही भूक लागली होती, अंगावर पाजणाऱ्या बाईला लागते तशी, हाडांतून. पोरीनं ‘भरलं’ म्हणावं असं त्या भुकेला वाटत होतं. आणि म्हणू नये, म्हणू नये, असं दुसरं काहीतरी आतून म्हणत होतं, ते भुकेच्याही खालून.

मामंजी उठले. उंबऱ्याशी आले, चौकटीला धरून उभे राहिले. “हे बघ पोरी,” ते म्हणाले, आणि या वेळी बाळ म्हणाले नाहीत. “तुला बी देतो. चन्नम्माला बी, तुला बी. तू हुशार हायेस म्हनून. अपवाद. झालं समाधान? आता म्हन.”

हे असं मिळालं तर. न्याय म्हणून नाही, दया म्हणूनही नाही. गोळी घेतलेल्या एका म्हाताऱ्याची साखर उतरली म्हणून. तरीपण मिळालं. हेमलताच्या डोळ्यांपुढे ते भिंतीला टेकवलेलं नवं सूप आलं, त्यात पाखडलं जाणारं धान्य आलं. म्हण गं, ती मनात म्हणाली, म्हणून टाक आता.

राजव्वा पेल्यातलं पाणी प्यायली. मग तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

“काका, माझी धाकटी बहीण हाय. नरसव्वा. सातवीत हाय. ती पण तिकडंच जन्मली.”

“मग?”

“ती पण पहिली येती. तिच्या टायमाला?”

“तिच्या टायमाचं तिच्या टायमाला बघू.”

“आन् आमच्या गल्लीत अजून चार घरं हायत रंगूनची. त्यांच्या पोरी?”

“आता काय सगळा ब्रह्मदेश जेवायला घालू व्हय मी?”

“तसं नाही काका,” राजव्वा म्हणाली. ती उर्मटपणे बोलत नव्हती. उलट समजावून सांगितल्यासारखं बोलत होती. “अपवाद म्हणू नका. जी पहिली येईल तिला, कुठली पण असूदे, असं म्हणा. तुमच्या घरातल्या आजी असंच म्हणाल्या व्हत्या ना. तुमीच सांगता की भाषणात.”

“आन् न्हाय म्हनलं तर?”

“तर नाही भरलं.”

जोतीराम हसले, नाकातून, एकटेच. मामंजींनी बहिणीकडे पाहिलं, आधार शोधावा तसं. पण बजाबाई त्या पोरीकडे बघत होत्या, डोळे बारीक करून, फार लांबचं काहीतरी दिसल्यासारख्या. “दादा,” त्या म्हणाल्या, “त्या साळ्याच्या घरी वैनीनं बी न्हाय म्हनलं व्हतं.”

“कवा?”

“तवाच की. ती बाई इचारती, पोट भरलं का. वैनी म्हनली न्हाय. परत वाढलं. परत इचारलं, परत न्हाय. मला तर लाज वाटाया लागली. शेवटी त्या बाईनं सोताची भाकरी आनून वाढली, तवा भरलं म्हनली. तू बाहेर बैलाला पानी दावीत व्हतास. तुला कुटं ठावं.”

मामंजींच्या गोष्टीला एवढ्या वर्षांत कुणी हात लावला नव्हता. ते फोटोकडे बघायला वळले असावेत, पण मध्ये जोतीराम आले. मग त्यांचा चेहरा आवळला. तोंडावरून एकेक करून सगळं उतरलं, उदारपणा, तत्त्व, भाषण, आणि खाली नुसतं एक भुकेलं, रागावलेलं, म्हातारं तोंड उरलं. “पुरं झालं,” ते म्हणाले. ते माघारी पाटावर जाऊन बसले आणि ताट पुढं ओढलं. पितळेचा आवाज झाला. “सूनबाई, वाढ आमाला.”

हेमलता उठली. भाकऱ्यांची टोपली चुलीशेजारी होती, तिच्यावर ओलं फडकं. तिनं फडकं नीट केलं. भाजीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. पळी हुग्गीच्या भांड्यात सोडली, ती हळूहळू बुडाली. मग ती मागच्या खोलीत गेली आणि बाळीला उचलून घेऊन आली. “अगं, सोवळं...” आत्याबाई म्हणाल्या. हेमलता राजव्वाच्या समोर, टोपलीला टेकून, माजघराकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि बाळीला पदराखाली घेतलं. बाळीनं दोन हुंदके गिळले, धडपडली, आणि मग तिला सापडलं. तो ओढा हेमलताला पाठीच्या कण्यापर्यंत जाणवला. ताठरलेलं सगळं अंग हळूहळू सैल होत गेलं. पदराबाहेर आलेली इवली मूठ उघडली, मिटली, उघडली.

“सूनबाई,” पाठीमागून आवाज आला.

तिनं मागं पाहिलं नाही. एका हातानं टोपलीतली भाकरी काढली आणि राजव्वाच्या ताटात ठेवली.

“जेव गं,” ती म्हणाली. “सावकाश जेव. आम्हाला काही घाई नाही.”